निळ्या इंजिनाची खोटी नोंद

डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. हजर: मी, बागूल काका, जोशी डॉक्टर, देवरे आणि देवरे वहिनी. एकूण पाच. ठिकाण: इंदिरानगर, डॉक्टरांच्या दवाखान्यामागचा हॉल.

ही हजेरी रजिस्टरमधून जशीच्या तशी उतरवली आहे. त्याच पानावर खाली मी आणखी एक ओळ लिहिली — ती खोटी आहे. या पाचांपैकी ते फक्त मला माहीत आहे. घरीही कधी बोलले नाही. तुम्हाला सांगते.

आमचं मंडळ म्हणजे छोट्या रेल्वेगाड्यांचा नाद असलेली माणसं. वीतभर इंजिन, आत नखाएवढी चिप — डिकोडर. रुळांतून आलेला हुकूम ओळखून ती मोटर फिरवते. फार तापली की जळते. कोणतं इंजिन का तापलं, याचं रजिस्टर माझ्याकडे. अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. यादीशिवाय माझा दिवस उजाडत नाही.

बागूल काकांनी पंचवटीत उभं आयुष्य रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. त्यांचं सोल्डरिंग — तारांचे सांधे डाखणं — बघत राहावं असं. हे मी ती ओळ लिहितानाही जाणत होते — म्हणूनच सांगते आहे.

आदल्या महिन्यात एका शाळेत आमचं प्रदर्शन होतं. रूळ जमिनीवर, खाली सतरंज्या. काका म्हणाले, "ताई, सतरंजी नको. धागे चाकात जातात. प्लाय आणा." मी म्हटलं, यादीत सतरंजी आहे. त्यांनी माझ्या हातातली यादी घेतली आणि पालक, शिक्षक, सगळ्यांसमोर स्टेशनवरच्या घोषणेच्या आवाजात वाचली — "यात्रीगण कृपया ध्यान दें. क्रमांक चार, सतरंज्या दोन, झटकून. क्रमांक पाच, ताई स्वतः, न झटकता." देवरे वहिनी तर हसून हसून खाली बसल्या. वर काका म्हणाले, "लिहून गाडी चालत नसते हो, ताई."

साधी थट्टाच ना? हो. पण महिनाभर तो आवाज माझ्या कानात होता — भाजी चिरताना, स्टोअरमध्ये पेट्या मोजताना.

मग तो रविवार. रूळ पुन्हा सतरंजीवरच — मी हटले नव्हते. काकांचं निळं इंजिन तिसऱ्या फेरीला थांबलं. जळका वास आला. सगळे डॉक्टरांकडे चहाला निघाले. काका म्हणाले, "बघा तुम्ही, ताई. यादी असेलच."

होती. चिपला हवा लागते का? लागत होती. धातूला टेकली आहे का? नाही. काकांचे सांधे? एकही कच्चा नव्हता. मग मीटर लावला — मोटर नेहमीच्या तिप्पट करंट ओढत होती. इंजिन उलटं केलं. आसाभोवती लाल धागा, करकचून गुंडाळलेला. त्या ओढीनेच चिप जळली होती.

सतरंजीचा धागा. म्हणजे काकांचं खरं होतं — आणि चूक माझी.

मी तो चिमट्याने काढला आणि पर्समध्ये टाकला. नवी चिप स्वतः जोडली. चहा घेऊन सगळे आले तेव्हा मी नोंद मोठ्याने वाचली. सावकाश. "कारण: सदोष सोल्डरिंग. मालकाने केलेले." मग इंजिन सोडलं. वीस फेऱ्या, थंडगार. का नाही धावणार?

कोणी हसलं नाही. काका आपल्या बोटांकडे बघत राहिले. "डॉक्टर, हात कापतो का हो माझा?"

"वयोमानाने थोडं व्हायचंच," डॉक्टर म्हणाले.

तेव्हा बोलायला हवं होतं. पण मला — होतं तसंच लिहिते — गोड लागलं ते. फार गोड.

पुढच्या महिन्यात मी प्लाय आणला. सुधारणा म्हणून, माझ्या नावावर.

काकांनी आपलं सोल्डरिंग आयर्न देवरेंना देऊन टाकलं. गल्लीतले लोक अजून रेडिओ, मिक्सर घेऊन येतात. काका त्यांना दारातूनच परत पाठवतात. "हात राहिला नाही," म्हणतात. आणि स्वतःची इंजिनं माझ्याकडे आणतात. "तुमचा हात, ताई." दोन वर्षं झाली. दर वेळी वाटतं, आता फिटलं. दर वेळी आणखी थोडं हवं असतं. त्यांनी ती घोषणा पुन्हा कधीच केली नाही, तरी हवं असतं. हा कुठला हिशेब?

गेल्या रविवारी ते माझ्या समोरच बसले होते. रजिस्टर उघडं, पेन हातात, ते पान अवघं चार बोटं मागे. मी हजेरी लिहिली — पाच — आणि रजिस्टर मिटलं.

त्या ओळीची दुरुस्ती बाकी आहे.