साहूजींच्या हॉलचे जळके खांब

आमच्या रायपूरच्या टेस्टिंग लॅबमध्ये मोडके तुकडे आणि किस्से दोन्ही साठत जातात. टाकून द्या म्हटलं की कोणीतरी म्हणतं, राहू द्या, कधीतरी लागतील! छत्तीसगडची नवी राजधानी बांधली जात होती तेव्हा तर दोन्हींचा ढीग झाला. त्यातले हे साहूजींच्या हॉलचे.

साहूजींनी अभनपूर रोडला लग्नाचा हॉल बांधला. खांब स्टेनलेस स्टीलच्या पोकळ पाइपचे. उद्घाटनाआधीच डेकोरेशनच्या कापडाला आग लागली. छत राहिलं, खांब मात्र निळे-तपकिरी पडले. महिन्याभरात तिथंच त्यांच्या मुलीचं लग्न! खांब ठेवू की पाडू, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

*

एक जळका खांब आणि एक नवा कापून तुकडे आले. मशीन चालवणारे आमचे बबनभाऊ स्वच्छतेचे भारी शौकीन. त्यांनी सगळे तुकडे एमरी पेपरनं घासून लखलखीत करून ठेवले. खडूच्या खुणाही गेल्या. जळका कोणता, नवा कोणता, काही कळेना!

"काहून घासले?" मी ओरडलो.

"मले वाटलं, स्टेनलेस हाय तं चमकलंच पाहिजे!"

*

पुन्हा तुकडे आणले. यावेळी खुणा ऑइल पेंटनं केल्या. मशीनमध्ये दाबले, तर जळका जवळपास नव्याएवढाच भार पेलून राहिला! लॅबचे प्रमुख वानखेडे सर हादरले.

"मशीन बिघडली." मशीन तपासली, ठीक होती.

"तुकडे बदलले." बबनभाऊंनी देवाची शपथ घेतली.

सर हळूच म्हणाले, "आग लागली होती, हे तरी नक्की ना?"

*

कोपऱ्यातले दोन खांब सगळ्यात जास्त जळले होते. त्यातल्या एकाचा तुकडा थोडा लवकर वाकला, पण फुटला नाही. झालं, सरांनी अकरा पानी रिपोर्ट लिहिला. पानोपानी 'तथापि'!

बबनभाऊंनी तो वाचला आणि म्हणाले, "सर, पयल्या पानावर खांब उभा हाय, पाचव्यावर पडला, अकराव्यावर परत उभा झाला!"

*

साहूजी रिपोर्ट न्यायला आले. तीनदा उलटसुलट पाहिला. हात जोडून छत्तीसगढीत म्हणाले, "सर, मोला कुछु समझ नइ आवत हे. हव कि नइ, बस अतका बता दव." हो की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

"सामान्य परिस्थितीत..." सरांनी सुरुवात केली.

"सर, मेरी बेटी उसी छत के नीचे बैठेगी."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला त्यांची फार दया आली. साहूजींशीही ते मराठीतच बोलत.

"साहूजी, आमच्या घरचे सहा जण येऊन राहिलो लग्नाले," सर म्हणाले. "आमचं टेबल त्या कोपऱ्यातल्या खांबापाशी लावा."