डाव्या हातावरचं जर्मनी

शेणव्यात राहून जर्मनीच्या टायमावर जेवणारा माणूस आख्ख्या शहापूर तालुक्यात एकच, आणि ते आमचे व्याही. त्यांचा पोरगा आणि माझी पोरगी लग्न करून तिकडं नोकरीला गेले, तेव्हापासून हे दोन घड्याळं बांधतात. उजव्या हाताला आपलं, डाव्या हाताला जर्मनीचं. मुरबाडच्या स्टँडवर एकानं विचारलं, किती वाजले. ह्यांनी उलट विचारलं, "कुठले सांगू?" त्या माणसाची एसटी गेली. पहाटे कोंबडा आरवला की ह्यांचं सुरू, "गप रे, पोरं झोपल्यात तिकडं." तिकडं बारा वाजल्याशिवाय पानावर बसत नाय. म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेतीन, आणि थंडीत तिथलं सरकार सगळ्यांची घड्याळं तासभर मागं घेतं म्हणून साडेचार. त्यांची बायको बोलते, "भाकऱ्या काय तुमचं जर्मन सरकार थापतंय?"

माझी बायको होती तोवर मला ह्या टायमाशी काय घेणं नव्हतं. रविवारी दुपारी दीडला पोरीचा फोन यायचा, तिच्याकडं तेव्हा सकाळचे दहा. मायलेकी तासभर बोलायच्या. मी लांबूनच "बरी हायस ना?" विचारायचो आणि शेतावर जायचो. पावसाळ्यात बायको गेली. फोन वाजत राहायचा, मी उचलत नव्हतो. उचलून बोलू काय? पोरगी फोनवर सासऱ्याजवळ रडली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी व्याही साडेबारालाच सापगावात माझ्या दारात. "घड्याळ मागं गेलं. फोन आज तासभर आधी येणार." आमी दोघं फोन मधी ठेवून बसलो. दीड वाजला. दोन वाजत आले. व्याह्यांनी डावा हात हलवून बघितला, बोटं मोजली आणि हळूच म्हणाले, "तिकडं मागं, म्हणजे इकडं उशिरा. उलटं झालं, व्याही."

"कळत नाय तर बांधता कशाला?"

"पोरं उठली का निजली एवढं कळतं. बास झालं."

मग बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "आमच्या विहीणबाई तासभर काय बोलायच्या ओ तिच्याशी?"

"काय नाय. आज काय शिजवलं ते."

"मग तेच सांगा."

अडीचला फोन वाजला. मी उचलला. "वालाची आमटी केली," मी बोललो, "खारट झाली." तिकडून नाक ओढल्यासारखं ऐकू आलं. "मीठ किती टाकलंत, बाबा?" मी मूठ करून दाखवली. साध्या फोनवर मूठ दिसते व्हय? व्याही तोंड फिरवून हसत बसले.

आता रविवारी काय शिजवायचं ते मी शुक्रवारपासूनच ठरवतो. तिची आई करायची ते एकेक आठवून. पुष्कळ हाय, लवकर सरायचं नाय.