बियाण्याची पाच डांगरं

उन्हाळ्यात कन्हान आटली की आमच्या खाप्याची वाळू डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्यांनी हिरवी व्हायची. नदीकडून वारा आला की साऱ्या गावात पिकल्या डांगराचा वास. तसा वास मला पुढं कुठंच मिळाला नाही. त्यात सर्वांत गोड फळ बायजाबाईचं. बियाणं तिनं माहेरून पदरात बांधून आणलेलं. माहेरच्या वाड्या पुढं पुरानं नेल्या, तेव्हा डांगराची ती जात तिच्याजवळच तेवढी उरली.

दरवर्षी ती पाच डांगरांना चुन्याचं बोट लावायची. ती विकायची नाहीत, खायची नाहीत. वेलावरच सुकू द्यायची, तेव्हा बी भरतं.

चौऱ्याहत्तर सालच्या वैशाखात सातपुड्याकडं आभाळ काळं झालं. तिकडं पाऊस पडला की इकडं कोरड्या नदीला कधी लोंढा यायचा, कधी नाही. बायजाबाई आणि तिचा नवरा देवाजी यांनी फळं तोडून सीताबर्डीच्या बाजारासाठी बैलबंडी भरली. राहिली चुन्याची पाच.

"तेही तोड वं," देवाजी म्हणाला.

"कच्चं बी का उगवन? आठ दिवस अजून पाह्यजेत."

"मंग राहू दे सारे. नदी का दरसाल येते?"

"येत नाही, असं सांगतलं का तिनं तुमाले?"

"मले काहून सांगन? मी का तिचा जावई हावो?"

बायजाबाई हसली नाही. वाळूत बसून सातपुड्यावरच्या आभाळाकडं पाहत राहिली. मग उठली, दोन डांगरं तोडली, तीन ठेवली.

लोंढा आलाच नाही. आभाळ तिकडंच विरलं. वेलावरची तीन छान सुकली.

माघात तिनं दोन्हींचं बियाणं वेगवेगळ्या खड्ड्यांत लावलं. सुकल्या फळांचं सारं उगवलं, तोडलेल्या दोन्हींचे जेमतेम चार कोंब आले.

"पाह्य," देवाजी म्हणाला, "दोन फळं फुकट घालवले. चुकलीस तू."

"पानी आलं नाही हे तुमाले आज मालूम हाय," ती कोंबांभोवती खत घालत म्हणाली. "त्या दिवशी मले मालूम नव्हतं, अन् तुमालेही नव्हतं. आलं असतं तर माह्या मायच्या घरचे हे चारच वेल राह्यले असते जगात."

घागर उचलून देवाजी त्या चार कोंबांसाठी पाणी आणायला गेला.

त्या उन्हाळ्यात आभाळ निरभ्र होतं. तरी तिनं पाचांतली दोन आधीच तोडली.