मध्यंतरातला फोन

नेव्हिओ तास्सिनारीची उभी हयात दुसऱ्याच्या पाठीकडे बघण्यात गेली. एकोणीस वर्षं तो कास्तेलवेरोच्या फुटबॉल संघात बचावाला खेळला आणि काम एकच, समोरच्यांचा नऊ नंबर, म्हणजे गोल मारणारा गडी, जिथे जाईल तिथे जायचं. तो पाणी प्यायला कडेला गेला तर हाही कडेला. बारमध्ये लोक म्हणायचे, नेव्हिओ असला की त्या माणसाची सावलीसुद्धा वैतागते. हे कौतुक होतं बरं का. पण असल्या कौतुकाने कुणाचं नाव झालंय? नाव झालं ते पुढे उभं राहून गोल मारणाऱ्या फुल्विओ रिगोनीचं.

गुडघे गेल्यावर फुल्विओ त्याच संघाचा प्रशिक्षक झाला आणि नेव्हिओ त्याचा सहायक. अकरा वर्षं. प्रशिक्षकाला खेळाडू ‘मिस्टर’ म्हणतात आणि मिस्टर एकच असतो. सहायकाला नुसतं नावाने हाकारायचं. नेव्हिओ, चेंडूंत हवा भर. नेव्हिओ, त्या रुसलेल्याची समजूत घाल. सामन्यात फुल्विओ रेषेवर उभा राहून हातवारे करायचा आणि अडला की वळून न बघता उजवा हात पाठीमागे नेऊन बोटं हलवायचा. म्हणजे, सांग लवकर. नेव्हिओ बाकावरून पुढे वाकून सांगायचा, फुल्विओ तेच ओरडायचा, आणि लोक म्हणायचे, काय डोकं आहे मिस्टरचं.

प्रशिक्षकाची परीक्षा नेव्हिओ सहा वर्षांपूर्वीच पास झाला होता. ते प्रमाणपत्र त्याच्या बायकोने, लोरेदानाने, चौकटीत घालून फ्रीजच्या वर टांगलं होतं. तिथेच ते तळणीच्या वासात पिवळं पडत होतं.

फेब्रुवारीत लागोपाठ पाच सामने हरल्यावर अध्यक्ष बेल्लागांबांनी फुल्विओला काढलं. बेल्लागांबा फरशांचे कारखानदार. तडकलेल्या फरशीची ते डागडुजी करत बसत नाहीत. रीत अशी की मिस्टर गेला की सहायकानेही पिशवी उचलायची. नेव्हिओने उचललीही होती. फुल्विओच म्हणाला, “तू राहा रे. दोघांनी घरी बसून काय माश्या मारायच्या?”

मग अध्यक्षांनी नेव्हिओला बोलावलं. “हा रविवार तू सांभाळ. जमलं तर मेपर्यंत, हंगाम संपेतो तूच.”

एवढं एक वाक्य ऐकायला माणूस अकरा वर्षं थांबला होता. त्या आठवड्यात त्याला अन्न गोड लागेना. लोरेदाना म्हणाली, “खाऊन घे नीट, नाहीतर रविवारी बाकावरच झोपशील.”

“बाकावर बसायचंच नाहीये मला. उभं राहायचंय.”

रविवारी नदीवरून धुकं आलं होतं, आणि समोर गुणतक्त्यातला पहिला संघ. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. ड्रेसिंग रूममध्ये डावीकडचा बचावपटू फारोल्फी घाम पुसत म्हणाला, “मिस्टर, पुढे काय?”

कुणीतरी त्याला पहिल्यांदा मिस्टर म्हटलं होतं. नेव्हिओचं सगळं ठरलेलं होतं. पुढचा एक माणूस काढायचा, मागे एक वाढवायचा, आणि चेंडू उजवीकडच्या पळणाऱ्याला द्यायचा. फळ्यावर लिहायला खडूसुद्धा हातात घेतला होता. आणि तेवढ्यात हा गृहस्थ म्हणाला, “एक मिनिट थांबा,” आणि बोळात जाऊन त्याने फुल्विओला फोन लावला. आता याला काय म्हणावं? इतकी वर्षं पुढे कुणाची तरी पाठ होती, ती दिसेना म्हणून बिचारा घाबरला, दुसरं काय.

फुल्विओ बहिणीकडे जेवत होता. तोंडात घास ठेवूनच त्याने विचारलं, “तू काय ठरवलंयस?”

नेव्हिओने सांगितलं.

“मग कर की तसं. माझं जेवण गार होतंय.”

बोळात खेळाडूंचे कपडे-बूट सांभाळणारा इल्वो टॉवेलांचा गठ्ठा घेऊन उभा होता. त्याने ऐकलं.

सामना एक-शून्यने जिंकला, गोल उजवीकडूनच आला. घरी लोरेदानाने विचारलं, “बदल कोणी केला?”

“मी,” नेव्हिओ म्हणाला, आणि तिने त्याला सॉसेजचा आणखी एक जाड काप वाढला.

सोमवारी इल्वो बारमध्ये बोलला. मनात काही काळंबेरं नव्हतं हो, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. लोकांनी फुल्विओला विचारलं. तो म्हणाला, “आला होता फोन. मी म्हटलं, कर तसं.” यात एक शब्द खोटा नाही, म्हणून तर डोकं फिरतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की फुल्विओने जेवता जेवता सामना जिंकून दिला.

मंगळवारी अध्यक्ष म्हणाले, “फोनवरून जिंकून देतो तो मैदानात काय करेल? करार त्याचा मेपर्यंत आहेच, पगारही चालू आहे. बोलावतो परत.”

“साहेब, बदल माझा होता.”

“मग फोन कशाला केलास?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लोरेदाना रागाने भांडी आपटत म्हणाली, “माणसाला चिकटायची सवय खेळायच्या बुटांबरोबर टाकून द्यायची होतीस.”

फुल्विओ हसत हसत परत आला, आयत्या बिळावर नागोबा. नेव्हिओने त्याला गाडीपाशी गाठलं. “तू त्यांना खरं सांगू शकला असतास.”

“काय सांगायचं? बदल कुणाचा, हे मला कुणी विचारलंच नाही,” फुल्विओ म्हणाला. “चल, सरावाचे शंकू मांड.”

नेव्हिओने शंकू मांडले. पण मनाशी ठरवलं, रविवारी तोंड उघडायचं नाही. बुडू दे याला. गावाला एकदा कळू दे डोकं कुणाचं ते.

रविवारी सत्तराव्या मिनिटाला एक-एक असताना फुल्विओचा हात पाठीमागे आला आणि बोटं हलली. नेव्हिओ बुटांकडे बघत बसला. बोटं पुन्हा हलली, या वेळी जोरात. नेव्हिओने दात आवळले. मैदानात फारोल्फी लंगडत होता आणि समोरचा नऊ नंबर दर वेळी त्याच्याच बाजूने घुसत होता. हे आंधळ्यालाही दिसलं असतं, फुल्विओला दिसत नव्हतं. दोन मिनिटं गेली. नऊ नंबरने पुन्हा चकवलं, फारोल्फी पडला, चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. फारोल्फी गुडघा धरून कसाबसा उठला आणि त्याने बाकाकडे पाहिलं. फुल्विओकडे नाही, नेव्हिओकडे.

नेव्हिओ पुढे वाकला. “फारोल्फीला काढ. त्या नऊ नंबरवर एक माणूस सोड, तो जाईल तिथे जाणारा.”

फुल्विओने तेच ओरडून सांगितलं. नऊ नंबरला पुन्हा चेंडू मिळाला नाही आणि शेवटी कॉर्नरवर आपला गोल झाला. गर्दी मिस्टरच्या नावाने टाळ्या वाजवत होती. नेव्हिओ शंकू गोळा करून घरी आला.

लोरेदाना चुलीपाशी होती. सामना तिने रेडिओवर ऐकला होता. “बदल कोणी केला?” तिने पाठमोरीच विचारलं.

नेव्हिओने फ्रीजवरच्या चौकटीकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि बसला.

“मिस्टरने,” तो म्हणाला.