चिल्लर नावाचं पॅकेज

आज मीटिंगमध्ये आमचे सर नव्या मुलांना एक पॅकेज इन्स्टॉल करून दाखवत होते. एका बोटाने त्यांनी टाइप केलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर नाव उमटलं: चिल्लर.

ते पॅकेज माझं. तारखा सरळ करणारे, नावांमधल्या नको त्या मोकळ्या जागा काढणारे कोडचे छोटे तुकडे मी वर्षानुवर्षं लिहीत आले. "असली चिल्लर कामं मोजायची नसतात," असं सर सगळ्यांदेखत म्हणाले आणि माझी बढती गेली. मग मी ते सगळे तुकडे एकत्र बांधले आणि कुणालाही घेता येतील असे खुले केले. नाव सुचायला क्षणही लागला नाही.

राग उघडा ठेवला की विटतो. नीट बांधून वर नाव घातलं, तर टिकतो, आणि लोक तो आपणहून घरी नेतात. आता आमचं अर्धं ऑफिस माझ्या रागावर चालतं. सरांना तो शब्द स्वतःच्या बोटाने टाइप करताना बघून माझा जीव थंड झाला.

"फार कामाचं आहे हो हे," सर माझ्याकडे वळून म्हणाले. "पण असलं नाव कुणी ठेवलं?"

"तुम्ही, सर."