मगनकाकांच्या रक्ताची साक्ष

कळसाडीच्या मगनकाकांनी शब्दाचा पक्का माणूस म्हणून चाळीस वर्षं नाव कमावलं, ते टीबीच्या गोळ्यांनी दोन महिन्यांत घालवलं. वजन वाढेना, खोकला जाईना. काका गोळ्या उसात फेकतात, अशी गावासकट आरोग्य केंद्राच्या लिडिया सिस्टरचीही खात्री झाली.

“मी रोज गोळ्या खास, ताई!” रोज खातो, असं काका सिस्टरना शपथेवर सांगायचे.

मग सिस्टरनी सकाळी घरी येऊन स्वतःसमोर गोळ्या गिळायला लावल्या आणि रक्तात औषध किती उतरतं ते बघायला दोन तासांनी रक्त घेतलं. आठवड्याने रिपोर्ट आला. औषध हवं त्याच्या निम्मंही नव्हतं.

“माझ्यासमोर गिळल्या की!” सिस्टर चक्रावल्या. “आधी काही खाल्लं होतं का?”

“रोज खातस,” नर्मदाकाकू चुलीपासून म्हणाल्या. “गोळ्या गरम शेतस, म्हनीसन आधी वाटीभर तूप नि भाकर देस मी.”

“काकू, गरम असल्या तरी या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या असतात! तुपामुळे औषध रक्तात नीट उतरत नाही.”

काकूंचा चेहरा पडला, काकांचा खुलला. “तूप बंद करू, ताई. पन पहिले गावले सांगा, मी एक बी गोळी फेकेल नही!”

काकांनी एकही गोळी फेकली नव्हती, असं सिस्टरना पारावर जाऊन सांगावंच लागलं. रिपोर्ट छातीशी धरून काका शेजारी उभे होते, खोकत आणि हसत.