सकिनाबींचा डावा डोळा

रेवदंड्याच्या सकिनाबी बायकांचे कपडे शिवतात. नवरा वारला तेव्हाही त्या फारशा रडल्या नाहीत, हे त्यांची नणंद अजून सांगते. त्यामुळे बावन्नाव्या वर्षी त्यांचा डावा डोळा सारखा वाहू लागला, तेव्हा मोहल्ल्याला बरंच वाटलं. ब्लाउज न्यायला आलेल्या नीराबाईंनी पाठीवरून हात फिरवला.

"लेकाची, यूनुसची आठवण येते ना? कतार लांब हाय."

"रोज फोन करतो. डोकं खातो," सकिनाबी म्हणाल्या आणि हुक लावून दिले.

असं दीड वर्ष चाललं. मग एका शुक्रवारी डोळा आणि नाक यांच्या मधोमध बोराएवढी लाल गाठ आली. ठणका, वर ताप. नणंद म्हणाली, "रांजणवाडी हाय, फोडून टाक." सकिनाबींनी गॅसवर सुई तापवली. सून हफ्सानं ती हातातून काढून घेतली आणि सासूला अलिबागच्या रिक्षात बसवलं.

तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टर नूतन यांनी गाठ पाहिली. "रांजणवाडी पापणीच्या कडेला येते. ही अश्रूंची पिशवी सुजलीय. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची नळी तुंबली, साचलेल्या पाण्यात पू झाला."

"म्हणजे गटार."

"तसंच. दाबायचं नाही, टोचायचं नाही."

गोळ्या, थेंब, कोमट फडक्याचा शेक. दहा दिवसांत सूज बसली. मग डॉक्टरांनी पापणीच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून खारं पाणी सोडून पाहिलं. ते घशात उतरायला हवं होतं. सगळं गालावर आलं. नळी बंदच होती. पिशवीतून नाकात नवी वाट काढायचं ऑपरेशन ठरलं.

"टाके किती?" सकिनाबींनी एवढंच विचारलं.

"बाहेरून चार."

पट्टी सुटल्यावर त्यांनी आरशात टाके बराच वेळ पाहिले. "हात सरळ हाय," त्या हफ्साला म्हणाल्या. "दोरा जरा जाड."

डोळा वाहायचा थांबला. पुढं शेजारची आफरा आपलं चार महिन्यांचं बाळ घेऊन आली. त्याचा डोळा जन्मापासून पाणावलेला, चिकट. सकिनाबींनी शिलाई तशीच सोडली आणि दोघांना अलिबागला नेलं. तान्ह्यांची नळी बहुतेकदा वर्षाच्या आत आपोआप उघडते, डॉक्टर म्हणाल्या, आणि नाकाच्या कडेनं बोटानं खाली कसं चोळायचं ते आफराला दाखवलं. बाळाला ते मुळीच आवडत नसे. आठव्या महिन्यात डोळा कोरडा झाला.